घाटात टेप बंद!

पुण्याहून नगरला येणाऱ्या पाहुण्याला एक गोष्ट आम्ही नगरकर हमखास सांगतो. ज्या रस्त्याने तुम्ही आलात ना, त्याच रस्त्यावरून १ जून १९४८ रोजी आपल्या एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुणे ते नगर! किसन राऊत तिचे चालक आणि लक्ष्मण केवटे वाहक. पाहुणा मान डोलावतो आणि खड्ड्यांचा विषय काढतो. पण आमचा अभिमान त्याने कमी होत नाही. लष्करासाठी गाड्या तपासणारी वाहन संशोधन संस्था आमच्याकडे, देशोदेशीचे रणगाडे मांडून ठेवलेलं संग्रहालय आमच्याकडे. २०२४ साली शहराचं नाव अहिल्यानगर झालं, तरी चाकांशी असलेलं नातं काही बदललं नाही. तेव्हा गाडीवरच्या गाण्यांबद्दल दोन शब्द बोलण्याचा हक्क आम्हाला आहे, असं मी धरून चालतो.

आता बघा, आपल्या सिनेमात नायक-नायिका गाडीत बसली की गाणं आलंच. पण त्यातली पुष्कळशी गाणी पेट्रोलवर चालणारी नाहीतच. १९५७ सालच्या ‘नया दौर’मध्ये दिलीपकुमार आणि वैजयंतीमाला टांग्यातून जातात आणि ओ. पी. नय्यर घोड्याच्या टापांवर गाणं बसवतात. टापांचा हा ठेका म्हणजे नय्यरांची सहीच. गंमत अशी, की सिनेमाची गोष्टच मुळी टांगा विरुद्ध बस अशी आहे. टांगेवाल्यांच्या पोटावर पाय येतो आणि मग शर्यत लागते. पडद्यावर टांगा जिंकतो. प्रत्यक्षात कोण जिंकलं ते कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. पण माझे आजोबा म्हणायचे, ‘गाणं टांग्याला मिळालं, तिकीट बसला मिळालं.’ हिशेब बरोबर झाला, असं त्यांचं मत.

मोटारीचं खरं गाणं म्हणाल तर १९५८ सालचा ‘चलती का नाम गाडी’. अशोक, किशोर आणि अनुप हे तिघे गांगुली बंधू, त्यांचं गॅरेज आणि त्यांची ती जुनाट मोटार. पावसाळी रात्री मधुबालाची गाडी बंद पडते. ती गॅरेजात येते आणि किशोरकुमार दुरुस्ती करता करता, हातातल्या हत्यारांवर ठेका धरत गातो. सचिनदेव बर्मन यांच्या त्या चालीमागे ‘सिक्स्टीन टन्स’ या अमेरिकन गाण्याची प्रेरणा आहे. ते मूळ गाणं कोळशाच्या खाणीतल्या मजुराचं. खाणीतल्या कष्टाचं गाणं सातासमुद्रापलीकडून येऊन आमच्या गॅरेजात प्रेमाचं झालं. गाडीखाली उताणं पडून शिट्टी वाजवत नट आवळणारा मिस्त्री ज्याने पाहिला आहे, त्याला यात काही नवल वाटणार नाही.

‘आराधना’तलं जीप आणि आगगाडीचं गाणं तर सगळ्यांच्याच तोंडी. राजेश खन्ना दार्जिलिंगच्या रस्त्यावर जीपमध्ये, शर्मिला टागोर शेजारून धावणाऱ्या छोट्या गाडीच्या खिडकीत. प्रत्यक्षात ती तेव्हा सत्यजित राय यांच्या चित्रपटात गुंतलेली होती. तिचे तुकडे नंतर स्टुडिओत घेऊन जोडले. म्हणजे ती दोघं तिथे समोरासमोर नव्हतीच. हे मला कळलं तेव्हा थोडा हिरमोड झाला, पण गाणं लागलं की मान पुन्हा खिडकीकडे वळतेच.

आणि एस.टी.? लाल डब्यात टेप नसे. तिथे गाणं प्रवाशांनी आणायचं. वारीच्या दिवसांत मागच्या बाकावरून टाळ सुरू व्हायचे आणि पुढच्या बाकापर्यंत सगळे अभंगात ओढले जायचे. १९७२ सालच्या ‘बॉम्बे टू गोवा’मध्ये चालत्या बसमध्ये अमिताभ नाचतो, ते पाहून आमच्या ओळखीचे एक वाहक म्हणाले होते, ‘आमच्या गाडीत पाय ठेवायला जागा नाही अन् हा नाचतोय!’ त्या सिनेमातल्या चालकाचं नाव राजेश आणि वाहकाचं खन्ना, हा मेहमूदचा विनोद मात्र त्यांना फार आवडायचा.

पण गाडीतल्या गाण्याची माझी शाळा झाली ती मामांच्या ट्रकमध्ये. मामा कांद्याची गाडी घेऊन वाशीच्या बाजारात जायचे. संध्याकाळी गाडी भरायची, टाकळी ढोकेश्वर, आळे फाटा, माळशेज घाट, कल्याण असं करत पहाटेच्या आत पोहोचायचं. मे महिन्याच्या सुट्टीत कधीमधी मीही केबिनमध्ये बसायचो. परदेशात मोटारीतला रेडिओ १९३० सालापासूनचा. गॅल्विन बंधूंनी तो विकायला काढला आणि त्यावरूनच त्यांच्या कंपनीला मोटोरोला हे नाव मिळालं. आमच्याकडे मात्र ट्रकमध्ये खरं गाणं आलं ते कॅसेटबरोबर. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर देवाचा फोटो, बाजूला टेप, अशी जोडीच ठरली. उन्हाने कॅसेटचं रीळ गुंतायचं. ते पेन्सिल घालून सोडवणं हे किन्नरचं काम आणि मी असलो की माझं.

मामांच्या कॅसेटींचा क्रम ठरलेला. निघताना भक्तिगीत. आळे फाट्यापर्यंत लावण्या. मध्यरात्र उलटली की मुकेश चालत नसे. ‘झोप आणतो तो माणूस,’ असं मामा म्हणत. त्या वेळी पाहिजे किशोर, नाहीतर ‘सडक’. १९९१ सालच्या या सिनेमाचा नायक टॅक्सी ड्रायव्हर, नदीम-श्रवणची गाणी, आणि वर त्यात आमच्या नगरचे सदाशिव अमरापूरकर! ‘महाराणी’च्या त्या भूमिकेला खलनायकाचं फिल्मफेअर मिळालं. मामांना पुरस्काराशी देणंघेणं नव्हतं. पण ढाब्यावर परमुलखातला ड्रायव्हर भेटला की ‘आमच्या गावचा माणूस आहे तो’ हे ऐकवल्याशिवाय त्यांचा चहा संपत नसे.

एक नियम मात्र कडक. घाट लागला की टेप बंद. माळशेज असो की पाथर्डीच्या वाटेवरचा करंजी घाट, गाणं कितीही रंगात असो, मामांचा हात बटणाकडे जायचा. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, ‘इथं इंजिन बोलतं, ते ऐकायचं.’ भरलेली गाडी ब्रेकवर उतरवायची नसते, ब्रेक तापून धोका देतात. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर कधी बदलायचा ते आवाज सांगतो. वळणापलीकडून येणाऱ्याचा हॉर्नही कानानेच कळतो. घाट संपला की ते स्वतः काही न बोलता बटण दाबायचे, आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू व्हायचं.

हे सगळं आठवण्याचं आणखी एक कारण आहे. माझा एक वर्गमित्र होता. त्याचं आवडतं गाणं ‘अंदाज’मधलं, १९७१ सालचं. राजेश खन्ना मोटारसायकलवर, मागे हेमामालिनी, आणि उद्याची फिकीर नसलेला किशोरचा आवाज. हसरत जयपुरींना त्या गाण्यासाठी फिल्मफेअर मिळालं. पुढे त्याच सिनेमात तो नायक मोटारसायकलच्या अपघातातच जातो, हे गाणं गुणगुणणाऱ्या पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. माझ्या मित्राच्याही नव्हतं. एका डिसेंबरात, गळीत हंगाम जोरात असताना, राहुरीकडून रात्री येताना तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता, ऊस बाहेर लोंबत होता. जे लोक धावून गेले त्यांनी नंतर सांगितलं, की पुढे ट्रॅक्टरवरचा टेप तसाच जोरात चालू होता. बंद करायचं कोणाला सुचलंच नाही.

त्या ट्रॅक्टरवाल्या पोराचा राग मला बरीच वर्षं होता. मग हंगामात कारखान्याच्या फाटकाशी लागलेली वाहनांची रांग जवळून पाहिली. पाथर्डी-शेवगावकडची, बीडकडची विशी-बाविशीतली पोरं. फडात भरायचं, रांगेत थांबायचं, खाली करायचं, पुन्हा फडात. झोप मिळेल तेवढी स्टिअरिंगवर. त्यांना टेप हौसेसाठी नको असतो, डोळे उघडे राहावेत म्हणून पाहिजे असतो. मामांनाही तो त्यासाठीच पाहिजे असायचा. फरक एवढाच, की मामांना बटण कधी बंद करायचं हे कोणीतरी शिकवलं होतं, आणि त्यांच्या गाडीला मागे लाल दिवा होता. गाणं बिचारं काही करत नाही. पण मागच्या दिव्याची किंमत मुडगार्डवरच्या दोन कर्ण्यांपेक्षा कितीतरी कमी असते, हे आजही प्रत्येक हंगामात नव्याने सांगावं लागतं. तेव्हा ज्यांच्या घरात ट्रॅक्टर आहे त्यांनी यंदा मोळी पडायच्या आधी ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा पाहावं, एवढी विनंती.

१ जून २०२२ रोजी, एस.टी.च्या वाढदिवशीच, ‘शिवाई’ ही विजेवर चालणारी गाडी त्याच पुणे-नगर मार्गावर पहिल्यांदा सुटली. मामा थकले आहेत, पण हट्टाने तिच्यातून एकदा जाऊन आले. कशी वाटली म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘गाडी झ्याक आहे. पण इंजिन काही बोलतच नाही. अन् निम्मी माणसं कानात बोंडं घालून बसलेली.’ मग थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, ‘घाटात हिचं ऐकायचं काय?’

मी म्हटलं, पुणे-नगर रस्त्यावर घाट नाही, मामा.

‘पुढं कुठं तरी लागंलच की,’ मामा म्हणाले.