ब्रह्मदेवाचा दिवस आणि विश्वाचे वय

पाचोऱ्याहून रेल्वेने चाळीसगावला उतरले, की तेथून सुमारे १८ किलोमीटरवर पाटण लागते. पाटणादेवीला शाळांच्या सहली जातात. येथील इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. अशा सहलीत एखादा विद्यार्थी विचारतो, "सर, विश्व देवाने निर्माण केले, की महास्फोटातून झाले?"

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) 'सिद्धान्तशिरोमणी'त सृष्टीची उत्पत्ती परंपरेप्रमाणेच सांगितली आहे : परब्रह्म, प्रकृती-पुरुष, महत्तत्त्व, अहंकार, पंचमहाभूते. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षांचा कल्प, हेही त्यांना मान्य होते. पण ब्रह्मदेवाचे आयुष्य किती सरले? कोणी म्हणत अर्धे, कोणी साडेआठ वर्षे. भास्कराचार्यांचे म्हणणे असे, की यांपैकी काहीही असो, त्याचा येथे उपयोग नाही. चालू दिवसाचा किती काळ गेला, यावरून ग्रहांची स्थाने काढावीत. परंपरेतून त्यांनी गणिताला लागेल तेवढेच घेतले.

आज मात्र वेगळाच दावा ऐकू येतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, कल्प ४३२ कोटींचा. म्हणजे पूर्वजांना ते ठाऊकच होते! फळ्यावर हिशेब मांडून पाहा. महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचे. अशी १००० महायुगे म्हणजे कल्प. पण हा झाला पूर्ण दिवस. त्याच परंपरेनुसार त्यातील सुमारे १९७ कोटी वर्षेच उलटली आहेत. तेव्हा हे साम्य केवळ आकड्यांचे आहे. पृथ्वीचे वय उल्कापाषाणांतील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून काढतात. मोजमाप सुधारले, की आकडाही सुधारतो.

असाच मोह इतरत्रही झाला आहे. विश्वाचा उगम एका 'आद्य अणू'त असावा, असे १९३१ मध्ये मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी नव्या विश्वविज्ञानात ईश्वरी निर्मितीला दुजोरा पाहिला, तेव्हा ते लमेत्र यांनाच रुचले नाही.

मग विद्यार्थ्याला काय सांगावे? सुमारे १३८० कोटी वर्षांत विश्व कसे पसरत आणि निवत गेले, हे महास्फोटाचा सिद्धान्त सांगतो. त्याआधी काही होते का, याचे निश्चित उत्तर आज विज्ञानाजवळ नाही. ती जागा फळ्यावर रिकामीच ठेवावी. पाटणला आलेल्या मुलांना एवढे तरी सहलीतून मिळावे.