दगड होऊन बसलेला मासा

लोणी काळभोरच्या शिवारात दगड उचलण्यापूर्वी तो जरा हलवून पाहावा, खाली विंचू असतो, हे पोरांनाही ठाऊक असते. पण दगडच डसतो असे कोणी म्हटले, तर आपण हसू. प्रवाळखडकांच्या समुद्रात मात्र तसे घडते. इंग्रजीत स्टोनफिश म्हणतात त्या प्राण्याला आम्ही येथे दगडमासा म्हणू. आपल्या देशात तो लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखाताकडे आढळतो. आणि हल्ली मुळा-मुठेकाठची मंडळीही तिकडे सहलीला जातात, म्हणून हा विषय.

मासा दीड वीतभर लांब, अंगावर चामखिळींसारखे उंचवटे, त्यांवर शेवाळ चढलेले. तळाशी निश्चल पडून राहायचे आणि लहान मासा तोंडाशी आला की पापणी लवण्यापूर्वी गिळायचा, एवढाच त्याचा उद्योग. नवल हे की, शिकारीत तो विष मुळीच वापरीत नाही. विष असते पाठीवरच्या 13 काट्यांत, प्रत्येक काट्यालगत दोन पिशव्या. त्यावर पाय पडला की आपल्याच भाराने पिशव्या दाबल्या जातात आणि विष काट्याच्या खोबणीतून जखमेत शिरते. म्हणजे तो बिचारा डसत नाहीच! पातळ रबरी तळव्यातूनही हे काटे आरपार जातात.

वेदना इतक्या भयंकर की माणूस तळमळतो; क्वचित जीवावरही बेतते. अशा वेळी सर्पदंश समजून पाय करकचून बांधणे चुकीचे. हे विष प्रथिनांचे आहे आणि प्रथिने उष्णतेने बिघडतात. म्हणून पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंशांच्या, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याची ऊब दुसऱ्याने हात घालून पाहावी. कळांपुढे रोग्याला भाजल्याचेही भान राहत नाही. लगोलग डॉक्टर गाठावा. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्यासाठी आहे, येथे ती निरुपयोगी. दगडमाशाची स्वतंत्र लस 1959 साली ऑस्ट्रेलियात, मेलबर्न येथे, तयार झाली.

कोकणात पाकटाची नांगी लागली, तरी हाच गरम पाण्याचा उपाय चालतो. आणि हाँगकाँगकडे दगडमासा शिजवून चवीने खातात, त्याचेही इंगित तेच.