मेंदूच्या दाराशी भीमसेनी कापूर

औषध रक्तात पोचले म्हणजे मेंदूतही पोचले, असे होत नाही. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. शिवाय पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा प्रथिनाचा पंप आत शिरू पाहणारे अनेक रेणू उचलून पुन्हा रक्तात टाकतो. यावर तोड म्हणून बोर्निऑल या वनस्पतिजन्य द्रव्याकडे पाहिले जाते. बोर्निऑल म्हणजे आपल्याकडचा अस्सल भीमसेनी कापूर. इतर औषधांना डोक्याकडे नेणारे द्रव्य म्हणून चिनी वैद्यकात ते जुन्या काळापासून वापरात आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने पेशींचे सांधे काही काळ सैल होतात आणि पंपही मंदावतो, असे दिसले आहे.

माणसांबाबत मात्र जपूनच बोलायला हवे. इडॅराव्होन हे पक्षाघातावरचे औषध आणि डेक्सबोर्निऑल हे बोर्निऑलचेच एक रूप, यांच्या जोडऔषधाला चीनने 2020 मध्ये मान्यता दिली. पक्षाघाताच्या 1165 रुग्णांवरील चाचणीत 90 दिवसांनंतर जोडऔषध घेणाऱ्यांपैकी सुमारे 67 टक्के रुग्ण जवळजवळ पूर्ववत झाले होते. नुसते इडॅराव्होन घेणाऱ्यांत हे प्रमाण 59 टक्के होते. फरक खरा आहे, पण तो दार उघडल्यामुळेच पडला असे म्हणता येत नाही. इडॅराव्होन एकटेही मेंदूत जाते आणि बोर्निऑलमध्ये स्वतःचा दाहशामक गुण आहे. जोडी उपयोगी ठरली, एवढेच या चाचणीतून सिद्ध होते.

‘वनस्पतीचेच आहे, मग अपाय कसला?’ हा नेहमीचा युक्तिवाद इथे तर मुळीच टिकत नाही. जो पंप औषध अडवतो, तोच विषही अडवतो. जुलाबावरचे लोपेरामाइड खरे तर अफूच्या जातकुळीतले; या पंपामुळेच ते नेहमीच्या मात्रेत मेंदूवर अंमल करत नाही. पंप रोखणाऱ्या क्विनिडीनबरोबर ते दिले, तेव्हा निरोगी माणसांतही श्वसन मंदावल्याचे आढळले. (क्विनिडीनही सिंकोना झाडाच्या सालीतलेच!) म्हणून हा मार्ग सोडून द्यावा असे नाही. मेंदूतल्या गाठींवर औषध पोचतच नाही, तिथे मोजक्या वेळापुरते आणि रुग्णालयाच्या देखरेखीखाली दार उघडण्याचा प्रयत्न जरूर व्हावा. दार किती उघडले, केव्हा मिटले आणि सोबत आणखी काय आत गेले, हे माणसांत मोजून दाखवणे ही त्याची पहिली अट. तोवर घरी कापूर खाऊन पाहू नका. आरतीचा साधा कापूर तर बोर्निऑल नव्हेच. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.