विश्लेषण : भिवंडीतून निघालेला ट्रक बर्फात का अडकतो?

काश्मीर खोऱ्यात जोरदार हिमवृष्टी झाली की भिवंडीतल्या वाहतूक कार्यालयांतले फोन वाजू लागतात. जीपीएसवरचा ठिपका काझीगुंड किंवा सोनमर्गजवळ थबकलेला असतो, माल घेणारा व्यापारी विचारणा करत असतो आणि ई-वे बिलाची मुदत संपत आलेली असते. कडाक्याची थंडी म्हणजे काय, हे ज्या शहराला ठाऊक नाही, तिथून निघालेली गाडी उणे तापमानात पोहोचते तेव्हा नेमके काय होते? आणि तिच्या थांबण्याची किंमत कोण मोजतो?

भिवंडीचा बर्फाशी संबंध काय?

हवामानाच्या अंगाने पाहिले तर काहीच नाही. समुद्राला लागून असलेल्या या पट्ट्यात हिवाळ्यातही पारा शून्याच्या जवळपास जात नाही. महाराष्ट्रात ‘बर्फ पडला’ अशी बातमी येते ती बहुधा महाबळेश्वरच्या वेण्णा तलाव परिसरातून. तिथेही आकाशातून हिम पडत नाही, पहाटे दवबिंदू गोठतात.

संबंध आहे तो गोदामांचा. मुंबईत जकात होती तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर, पण शहराला खेटून माल साठवण्याची सोय व्यापाऱ्यांना हवी होती. मानकोली, काल्हेर, राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे अशा गावांच्या शेतजमिनींवर त्यासाठी गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, मुंबईची जकात गेली. गोदामे मात्र गेली नाहीत, उलट ऑनलाइन खरेदीमुळे वाढली. कापड, औषधे, विद्युत उपकरणे, किराणा असा माल इथून देशभर जातो. जम्मू-काश्मीर आणि लडाखकडे जाणारा बराचसा माल वाटेत उत्तरेत उतरवून दुसऱ्या गाडीत चढवला जातो, काही गाड्या थेट वर जातात. या थेट जाणाऱ्या गाड्यांची अडचण सर्वांत मोठी असते.

हिमालयात हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी कमी दाबाची क्षेत्रे. तो पट्टा पुढे सरकला की उत्तरेचे थंड वारे खाली उतरतात. ठाणे जिल्ह्यात दोन दिवस स्वेटर बाहेर निघतात आणि त्याच सुमारास बनिहालला रस्ता बंद असतो.

गाडी नेमकी कुठे थांबते?

जम्मू ते श्रीनगर हा राष्ट्रीय महामार्ग ४४ चा उत्तर टोकाचा भाग. हाच महामार्ग खाली नागपूरवरून कन्याकुमारीपर्यंत जातो. रामबन ते बनिहाल या पट्ट्यात डोंगर ठिसूळ आहेत, त्यामुळे बर्फाइतकाच दरडींचाही धोका असतो. वाहतूक पोलीस रोज दुसऱ्या दिवसाची सूचना काढतात. लहान गाड्यांना आधी सोडायचे आणि रस्त्याची स्थिती पाहून अवजड वाहनांना एकाच दिशेने सोडायचे, अशी साधारण पद्धत असते. तोवर ट्रक उधमपूरजवळ जखनी इथे किंवा खोऱ्याच्या बाजूला काझीगुंडला रांगेत उभे राहतात.

श्रीनगरहून पुढे लेहकडे जाताना अडथळा झोजिला खिंडीचा. उंची साडेअकरा हजार फुटांहून अधिक. काही दशकांपूर्वी ही खिंड हिवाळ्यात सुमारे सहा महिने बंद असे. सीमा रस्ते संघटनेने, म्हणजे ‘बीआरओ’ने, हा काळ बराच कमी केला आहे. २०२४ मध्ये ती ३५ दिवस बंद होती, तर २०२५ मध्ये ३२ दिवसांत म्हणजे १ एप्रिलला पुन्हा खुली झाली.

मात्र ‘खुली’ या शब्दावर फार विसंबू नये. खिंड खुली असली तरी अवजड वाहने कधी एका दिशेने, कधी फक्त चाकांना साखळ्या लावून सोडली जातात आणि दुपारनंतर हवामान बिघडले तर सोडलीच जात नाहीत.

बर्फाळ रस्ता ओल्या रस्त्यापेक्षा वेगळा कसा?

कसारा घाटात भर पावसात गाडी उतरवणारा चालक ओल्या रस्त्याला घाबरत नाही. बर्फाचे गणित मात्र निराळे आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर ढोबळमानाने नऊ-दहा मीटरमध्ये थांबू शकते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तिला ३० मीटर लागतात आणि निव्वळ गोठलेल्या पाण्यावर ६० मीटरच्याही पुढे. लादलेल्या ट्रकला प्रत्यक्षात याहून जास्त.

ताजा, भुसभुशीत बर्फ दिसतो तरी. दिसत नाही तो डांबरावर गोठलेला पातळ, पारदर्शक थर. दुपारच्या उन्हात कडेचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येते आणि सूर्य डोंगराआड गेला की तेच गोठते. रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर हा थर आधी तयार होतो, कारण पुलाला खालूनही थंड हवा लागते. बर्फाचे तापमान शून्याच्या आसपास असेल तेव्हा तो सर्वांत निसरडा असतो. फार खाली गेले की उलट थोडी पकड मिळते.

इथे घाटातली एक सवय अंगाशी येते. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक लावून इंजिनच्या जोरावर गाडी रोखणे, हे सह्याद्रीत शहाणपणाचे. गोठलेल्या उतारावर तोच ब्रेक फक्त मागच्या, इंजिनच्या जोराने फिरणाऱ्या चाकांना अचानक धरतो. चाके घसरतात आणि गाडी आडवी होते. तिथे आधीपासूनच खालच्या गिअरमध्ये, अगदी हळू उतरायचे असते. रिकामी गाडी जास्त धोक्याची असते, हेही अनेकांना उलटे वाटते. मागच्या चाकांवर वजन नसेल तर ती रस्ता धरत नाहीत. लडाखहून परतीला पुरेसा माल मिळाला नाही, तर गाडी नेमकी अशीच हलकी खाली येते.

भिवंडीची गाडी थंडीत बंद का पडते?

कारण ती उष्ण, दमट हवेसाठी तयार झालेली असते. अडचणी मोठ्या यंत्रबिघाडाच्या नसतात, गाडी निघण्यापूर्वी अर्ध्या तासात टाळता येतील अशा असतात.

सुरुवात रेडिएटरपासून. किनारपट्टीवर कूलंट कमी झाले की साधे पाणी ओतून वेळ निभावते. पुन:पुन्हा तसे केले की आत जवळजवळ पाणीच उरते. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते. रात्री उणे दहा अंशांत उभ्या राहिलेल्या गाडीचे रेडिएटरच नव्हे, इंजिनचा ब्लॉकही तडकू शकतो. ही दुरुस्ती सोनमर्गला होत नाही.

दुसरी गोष्ट हवेच्या ब्रेकची. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून टाकीत भरतो आणि त्या हवेतला ओलावा टाकीत पाणी होऊन साचतो. भिवंडीच्या दमट हवेत तो अधिक. इथे ते पाणी निरुपद्रवी असते, वर गेल्यावर वाहिन्यांत, व्हॉल्व्हमध्ये गोठते आणि ब्रेक लागत नाहीत किंवा लागलेले सुटत नाहीत. टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून पाणी रोज सोडणे आणि एअर ड्रायर ठीक ठेवणे, एवढाच उपाय. कडक थंडीत रात्री गाडी उभी करताना सपाट जागा पाहून, गाडी गिअरमध्ये ठेवून, चाकांखाली ठोकळे लावणारे अनुभवी चालक असतात. हँडब्रेक जागीच गोठला तर सकाळी रांग सुटते आणि आपली गाडी हलत नाही.

मग डिझेल. त्यात मेणासारखे घटक असतात. थंडीत त्यांचे कण तयार होतात, फिल्टर तुंबतो आणि आणखी तापमान घसरले की डिझेल वाहतच नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये पानिपत रिफायनरीतले खास हिवाळी डिझेल आणले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. पण मैदानात टाकी काठोकाठ भरून वर गेलेल्या गाडीत साधेच डिझेल असते. टाकीखाली जाळ करणे हा जुना उपाय आजही केला जातो आणि तो जितका धोकादायक दिसतो तितकाच आहे. त्यापेक्षा मैदानात टाकी भरून न घेता वर तिथले इंधन घेणे सोपे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतांश नव्या ट्रकांना डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही लागते. चालक त्याला ‘डीईएफ’ किंवा नुसते ‘युरिया’ म्हणतात. ते उणे ११ अंशांना गोठते. गाडीत ते वितळवण्याची सोय असते, पण सुटा कॅन केबिनबाहेर बांधून ठेवला तर सकाळी त्यात बर्फाचा गोळा मिळतो. आणि बॅटरी : उणे १८-२० अंशांत तिची ताकद जवळपास निम्मी होते, त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. भिवंडीत ‘अजून सहा महिने चालेल’ म्हटलेली बॅटरी काझीगुंडच्या पहिल्याच पहाटे दगा देते.

साखळ्या लावल्या की काम भागते का?

बऱ्याच अंशी. चाकावरची लोखंडी साखळी बर्फात रुतून पकड देते. ट्रकला ती मागच्या, इंजिनच्या जोराने फिरणाऱ्या चाकांना लावतात. वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो आणि कोरडे डांबर लागले की ती काढावी लागते, नाहीतर साखळी आणि टायर दोन्ही खराब होतात. खरी अडचण वेगळी आहे. साखळी टायरच्या मापाची लागते आणि ती लावण्याचा सराव आधी करावा लागतो. पोलिसांनी ‘साखळीशिवाय पुढे नाही’ म्हटल्यावर बर्फात गुडघे टेकून, बधिर बोटांनी पहिल्यांदाच ती लावायला बसणाऱ्याची फजिती ठरलेली. हिवाळी सहलीला स्वतःची कार घेऊन मनाली गाठणाऱ्यांनाही हे लागू आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी सोलंग ते अटल बोगदा या टप्प्यात शेकडो वाहने बर्फात अडकली होती.

रस्ता मोकळा कोण करतो?

झोजिलावर ‘बीआरओ’चे दोन प्रकल्प दोन बाजूंनी भिडतात : काश्मीरकडून ‘बीकन’, द्रासकडून ‘विजयक’. डोझर आणि लोडर बर्फ ढकलतात, स्नो कटर तो कापून दूर फेकतो. दोन्ही बाजूंना बर्फाच्या उंच भिंती राहतात. साफ केलेल्या पट्ट्यावर नवा हिमकडा कोसळला की काम पुन्हा पहिल्यापासून. परदेशांतल्या शहरांत रस्त्यावर मीठ टाकतात, कारण मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. उणे नऊ-दहाच्या खाली मात्र साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. खिंडीत भर असतो तो यंत्रांवर, खडी-वाळूवर आणि माणसांवर.

या माणसांची जोखीम क्वचितच बातमीत येते. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडात माणा गावाजवळ ‘बीआरओ’च्या कामगार छावणीवर हिमकडा कोसळला. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ जणांचा मृत्यू झाला. रस्ता दोन दिवस उशिरा उघडला म्हणून चिडणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवायला हरकत नाही.

अडकल्यावर सर्वांत मोठा धोका कोणता?

थंडी नव्हे, तर थंडीपासून वाचण्याचा उपाय. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक मरण पावले. त्यांतल्या अनेकांच्या मृत्यूमागे कार्बन मोनॉक्साइड असल्याचे सांगण्यात आले. हीटरसाठी इंजिन चालू ठेवले, बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर गाडीत शिरू शकतो. या वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही. बंद केबिनमध्ये शेगडी किंवा स्टोव्ह पेटवणे तितकेच घातक. इंजिन चालवायचेच तर आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, काच थोडी उघडी ठेवायची आणि थोड्या वेळाने बंद करायचे.

थांबण्याचे पैसे कोण देते?

चालकाच्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न हा. मालवाहतुकीचा करार बहुधा फेरीवर ठरतो. गाडी जितके दिवस उभी, तितका मालकाचा हप्ता अंगावर आणि चालकाची पुढची फेरी लांबणीवर. हॉल्टिंगचे पैसे भाडे ठरवताना लेखी बोलले गेले नसतील, तर नंतर ते मिळणे कठीण. २००७ च्या मालवाहतूक कायद्यात (कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट) नैसर्गिक आपत्तीमुळे किंवा सरकारी निर्बंधामुळे माल खराब झाला तर वाहतूकदाराला जबाबदारीतून सूट आहे, अर्थात त्याने योग्य काळजी घेतली असेल तर. पण ही तरतूद मालाच्या नुकसानीची आहे. रांगेत काढलेल्या आठ रात्रींचा हिशेब तिच्यात नाही.

त्यात ई-वे बिल. साध्या मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. भिवंडी ते श्रीनगर सुमारे २,१०० किलोमीटर धरले तर ११ दिवस. रस्ता बंद पडला तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते आणि कारणांमध्ये नैसर्गिक आपत्तीचा पर्याय असतो. ही मुदतवाढ चालकाने नव्हे, भिवंडीच्या कार्यालयात बसलेल्याने घ्यायची असते. चालकाच्या फोनला रेंज नसेल, हे गृहीत धरूनच. ती राहून गेली तर पुढच्या नाक्यावर दंडाचा प्रसंग येतो आणि भांडण चालकाशी होते.

घाईचे दडपणही इथूनच येते. ‘बाकीच्या गाड्या सुटल्या, तुझी का नाही?’ हा फोन उबदार कार्यालयातून जातो. समोरचा उतार चालकच पाहत असतो.

बोगद्यांमुळे चित्र बदलेल का?

काही ठिकाणी बदलले आहे. चेनानी-नाशरी बोगदा २०१७ पासून, तर बनिहाल-काझीगुंड बोगदा २०२१ पासून वापरात आहे. सोनमर्गपर्यंतचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा १३ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाला. झोजिलाखालून तेरा किलोमीटरहून लांब बोगदा खोदला जात आहे. तो झाला की खिंडीचा सर्वांत वाईट टप्पा टळेल. त्याच्या पलीकडे मिनामर्ग ते द्रास हा रस्ता मात्र उघड्यावरच आहे आणि द्रास ही देशातल्या सर्वांत थंड वस्त्यांपैकी एक.

दुसरा पर्याय रेल्वेचा. ६ जून २०२५ रोजी चिनाब पुलासह काश्मीर खोरे देशाच्या रेल्वेजाळ्याला जोडले गेले, ९ ऑगस्टला पहिली मालगाडी सिमेंट घेऊन अनंतनागला पोहोचली आणि सप्टेंबरमध्ये महामार्ग बंद असताना सफरचंदे पार्सल गाडीने दिल्लीकडे रवाना झाली. जड, न नासणारा माल रेल्वेने गेला तर घाटातली रांग कमी होईल. पण चार दुकानांचे चाळीस खोके घेऊन जाणारी गाडी आणखी बरीच वर्षे रस्त्यानेच जाणार. यंदाच्या हिवाळ्यात ती निघण्यापूर्वी रेडिएटरमधले कूलंट तपासायचे, टाकीतले पाणी सोडायचे, मापाची साखळी केबिनमध्ये टाकायची आणि हॉल्टिंगचा दर बिल्टीवर लिहून घ्यायचा. यांतले शेवटचे काम मेकॅनिकचे नाही, म्हणूनच ते बहुधा राहून जाते.