कूलंट बदललं, हवा निघाली का?

आपली गाडी, आपलं गॅरेज : लेखांक ९

गेल्या आठवड्यात हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी साफ करण्याचं काम पाहिलं. ते घरच्या घरी, पार्किंगमध्ये उभं राहून जमतं. कूलंट बदलण्याचं कामही तितकंच सोपं दिसतं: खालचा कॉक सोडायचा, जुनं निथळू द्यायचं, नवं ओतायचं. साध्या पेट्रोल गाडीत ते जवळपास तसंच असतं, म्हणून पुण्यातला कोणताही अनुभवी मेकॅनिक डोळे मिटून करतो. हायब्रिडमध्ये अडचण येते ती याच अनुभवामुळे. जुनी पद्धत ज्या दोन गोष्टींवर उभी होती, त्या दोन्ही हायब्रिडने काढून टाकल्या आहेत. त्यामुळे हवा अडकली तर नुसता मेकॅनिकच्या हलगर्जीपणाला दोष देऊन भागत नाही. त्याने जुनं काम अगदी मन लावून केलं, तरी हवा आत राहू शकते.

जुनी पद्धत आधी नीट समजून घेऊ. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करतात. पट्ट्यावर चालणारा पंप लगेच फिरू लागतो. इंजिन तापतं, ८० अंशांच्या थोडं पुढे थर्मोस्टॅट उघडतो, कूलंट सगळीकडे फिरतं आणि कोपऱ्यात दडलेली हवा बुडबुड्यांनी वर येते. मधूनमधून ॲक्सिलरेटर दिला की उरलेलीही निघते. या सगळ्यात दोन गोष्टी गृहीत आहेत: इंजिन आपण बंद करेपर्यंत चालू राहील, आणि इंजिन फिरतंय म्हणजे पंप फिरतोय. इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, होंडा सिटी या गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांत पहिलंच गृहीतक कोसळतं. गाडी उभी असताना इंजिन कधी चालू करायचं आणि कधी बंद, हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. थर्मोस्टॅट उघडण्याच्या सुमाराला इंजिन आपणहून बंद पडतं आणि हवा जिथल्या तिथे राहते. दुसरं गृहीतकही अनेक हायब्रिडमध्ये उरलेलं नाही. टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसपासून इंजिनाचा पाण्याचा पंपच विजेवर चालतो, पट्टा नाहीच. त्याचा वेग कॉम्प्युटर तापमान पाहून ठरवतो. तापमानाचा सेन्सरच हवेच्या पोकळीत लटकत असेल, तर तो खरं तापमान सांगणार कसा? विहिरीवरच्या मोटारीने हवा पकडली की ती गरगर फिरते, पण पाणी चढत नाही. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना या पंपाचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

हवेला एवढं घाबरण्याचं कारण साध्या भौतिकशास्त्रात आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापताना जेवढी उष्णता उचलतं, ती एक लिटर हवेच्या तीन हजार पटींहून जास्त असते. पाण्याच्या मानाने हवेची उष्णता वाहून नेण्याची शक्तीही पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास आहे. म्हणजे सिलिंडर हेडच्या ज्या कोपऱ्यात हवा बसली, तिथला धातू जवळजवळ कोरडाच. बाकी इंजिन ठीक, तेवढी जागा मात्र भाजत राहते. हेड वाकणं, गॅस्केट जाणं, हे पुढचे टप्पे. साध्या गाडीत याची एक आगाऊ खूण मिळते: हीटर लावला की कधी गरम, कधी गार वारा येतो, आणि डॅशबोर्डमागे पाणी खळखळतं. पुण्यात हीटर लावतो कोण? डिसेंबरातले चार दिवस सोडले तर ते बटण धूळ खात असतं. त्यात कित्येक हायब्रिडमध्ये तापमानाचा काटाच नाही, नुसता दिवा असतो, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कूलंट बदलल्यावर मे महिन्यातसुद्धा पाच मिनिटं हीटर लावून पाहा. घाम येईल, पण वारा सलग गरम आहे की नाही ते कळेल.

आतापर्यंत बोललो ते इंजिनाबद्दल. हायब्रिडमध्ये सहसा कूलंटची दुसरी, स्वतंत्र वाट असते. बॅटरीतली वीज मोटारीला हवी तशी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरला ती थंड ठेवते. बॉनेट उघडल्यावर दोन टाक्या दिसतात त्या याचसाठी. इंजिनाचं कूलंट ९० अंशांच्या घरात सुखाने फिरतं. इन्व्हर्टरचं त्यापेक्षा बरंच थंड असावं लागतं. तिथे कूलंट थोडं, नळ्या बारीक, पंप छोटा. त्यामुळे हवेचा एक लहानसा गोळाही तिथला प्रवाह अडवू शकतो. खंबाटकी किंवा पसरणीच्या चढावर ट्रकमागे रांगत जाताना मोटारीला वेग कमी आणि जोर जास्त लागतो. म्हणजे इन्व्हर्टर सर्वांत जास्त तापतो तो तिथेच. तापला की गाडी स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते, तीही ऐन चढावर. पंप बंद पडण्याची गोष्ट निव्वळ कल्पनेतली नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये टोयोटाने जगभरातल्या लाखो गाड्या परत बोलावल्या, तेव्हा काही प्रियसमधला हायब्रिड प्रणालीचा पाण्याचा पंप हे त्यातलं एक कारण होतं. तो दोष पंपाच्या विजेच्या भागात होता, हवेचा नव्हता. पण एवढासा पंप थांबला तर काय होतं, याची कंपनीला किती धास्ती होती ते त्यातून दिसतं.

यावर नेहमीचा आक्षेप असा: हवा आपोआप निघून टाकीत येते, दोनचार दिवसांनी पातळी थोडी उतरली की वरून भरायचं, एवढा बाऊ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. बारीक बुडबुडे खरंच वाहत टाकीपर्यंत येतात, रचनाच तशी असते. पण बुडबुडे वाहून आणायला आधी प्रवाह लागतो. मोठी पोकळी प्रवाहच अडवत असेल, तर तिला बाहेर काढणार कोण? म्हणून पंप फिरवणं हे काम आपल्यालाच करावं लागतं. स्कॅनर लावून पंपाला थेट आज्ञा देता येते, आणि इंजिन आपोआप बंद पडू नये म्हणून गाडी दुरुस्तीच्या मोडमध्ये नेता येते. प्रियसमध्ये त्यासाठी मिनिटभरात पार्क, न्यूट्रल आणि पुन्हा पार्कमध्ये ॲक्सिलरेटर दोन-दोनदा पूर्ण दाबावा लागतो. इतर गाड्यांची रीत त्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावी, अंदाजाने पेडल मारत बसू नये. या मोडमध्ये गाडी रस्त्यावर नेऊ नये, हेही आलंच.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे व्हॅक्युमने भरणं. काँप्रेसरला जोडलेलं एक साधन आधी सगळ्या वाटेतली हवा ओढून घेतं. काटा काही मिनिटं स्थिर राहिला म्हणजे गळती नाही असं समजायचं आणि मग नळ सोडायचा, कूलंट स्वतःच ओढलं जातं. हवाच उरत नाही, तर अडकेल काय? इथे एक बारकावा पुण्याचा. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. मुंबईत जो काटा जिथवर जातो, तिथवर तो पुण्यात जाणार नाही. ती गळती नव्हे, ती उंची. काटा खाली येऊ लागला तर मात्र ती गळतीच. साधन महाग पडतं, अशी छोट्या गॅरेजवाल्यांची तक्रार असते. इन्व्हर्टरच्या वाटेपुरतं ते नसलं तरी चालेल: कूलंट सावकाश ओतायचं, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो ढिला करायचा, पंप चालवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. इंजिनाच्या वाटेला मात्र किमान स्कॅनर तरी हवाच.

दुसरा आक्षेप खास आपल्याकडचा: पुण्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट हवं कशाला, साधं पाणी घाला. कूलंटचं इथलं काम गोठणं टाळण्याचं नाहीच. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांना उकळतं. निम्मं-निम्मं मिश्रण आणि झाकणाचा दाब मिळून ही मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. वाघोली-वाकडकडच्या सोसायट्यांत येणारं टँकरचं, बोअरचं जड पाणी घातलं, तर क्षार साचून बारीक वाटा बुजतात, त्या आधी इन्व्हर्टरच्या. रंग पाहून नाना पेठेतून डबा आणणंही नको. गुलाबी म्हणजे टोयोटाचं असा नियम नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकारच आणावा, आणि तयार मिश्रण असेल तर त्यात थेंबभरही पाणी मिसळू नये. बॉनेटच्या आतल्या नारिंगी केबलना हात लावायचा नाही. किल्ली गाडीपासून लांब ठेवायची, कारण ‘रेडी’ अवस्थेतली हायब्रिड गप्प असली तरी इंजिन कोणत्याही क्षणी सुरू होऊ शकतं. एक खुलासा: बाजारात स्मार्ट किंवा माइल्ड हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना यातलं फारसं लागू नाही, त्यांना जुनीच पद्धत चालते.

काम नीट झालं की नाही हे तपासायला ना स्कॅनर लागतो, ना व्हॅक्युम. मेकॅनिकला जुनं कूलंट मोजपात्रात काढायला सांगा आणि नवं किती बसलं तेही मोजायला सांगा, दोन्ही वाटांचं वेगवेगळं. साडेचार लिटर निघालं आणि पावणेचारच बसलं, तर उरलेल्या पाऊण लिटरच्या जागी हवा आहे. बिल देण्याआधी ती काढून घ्या. निघालेलं कूलंट गटारात ओतू देऊ नका. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. रस्त्यावरची कुत्री-मांजरं ते चाटून मरतात. आणि मोजायला जो तयार होत नाही, त्याच्याकडे हायब्रिडचं कूलंट बदलू नका.