पहिलीच्या वर्गातला मास्क

कोरोनाच्या साथीच्या काळात लहान मुलांनी शाळेत मास्क लावावा का, हा प्रश्न जालना जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांपुढे प्रत्यक्षात फार थोडे दिवस होता. त्याआधी बराच काळ शाळाच भरत नव्हती. मार्च २०२० च्या मध्यावर राज्यातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडले, पण दुसऱ्या लाटेत तेही बंद पडले. पुढे १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे आणि ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग सुरू झाले. पहिली ते चौथीचा नंबर सर्वांत शेवटी, १ डिसेंबर २०२१ ला लागला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले अंबड किंवा मंठा तालुक्यातले मूल वर्गात पहिल्यांदा बसले, तेव्हा हजेरीपटावर ते दुसरीत होते. ओमायक्रॉन या विषाणूच्या नव्या प्रकारामुळे १० जानेवारी २०२२ पासून शाळांना पुन्हा कुलूप लागले आणि २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार त्या उघडू लागल्या. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातली मास्कसक्ती उठली. चिमुकल्यांच्या मास्कचा प्रश्न होता तो या चार महिन्यांपुरता. पुढची साथ आली की तो पुन्हा उभा राहणार आहे, म्हणून त्याचा नीट विचार आताच व्हायला हवा.

कोरोनाचा विषाणू मुख्यतः श्वासातून पसरतो. बोलताना, खोकताना, मोठ्याने वाचताना तोंडातून थेंब उडतात. त्यातले मोठे थेंब एक-दोन मीटर अंतरात खाली पडतात, तर अतिसूक्ष्म कण बंद खोलीच्या हवेत बराच वेळ तरंगत राहतात. मास्क दोन कामे करतो. लावणाऱ्याच्या तोंडातून बाहेर पडणारे कण तो अडवतो आणि बाहेरून येणारे काही प्रमाणात थोपवतो. पहिले काम साधा कापडी मास्कही बऱ्यापैकी करतो. दुसऱ्यासाठी कापडाची वीण, थरांची संख्या आणि विशेषतः गालाशी मास्क किती घट्ट बसतो हे महत्त्वाचे ठरते. एन-९५ मास्क सर्वांत प्रभावी असतो, पण तो मोठ्या माणसांच्या चेहऱ्यासाठी घडवलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाच्या गालाशी त्याची फट राहते आणि हवा त्या फटीतूनच आत-बाहेर करते. वडीलधाऱ्यांचा मास्क गाठ मारून मुलाला घातला, तरी हेच होते.

वयाबाबत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २१ ऑगस्ट २०२० रोजी संयुक्त मार्गदर्शन दिले. पाच वर्षे व त्याखालील मुलांना मास्क सक्तीचा नको. सहा ते अकरा वयोगटात परिसरातला संसर्ग, मुलाची मास्क नीट हाताळण्याची क्षमता, मोठ्यांची देखरेख, मास्कची उपलब्धता, शिकण्यावर होणारा परिणाम आणि घरात आजी-आजोबा किंवा दुर्धर आजाराचे रुग्ण आहेत का, हे पाहून निर्णय घ्यावा. बारा वर्षांपुढे मोठ्यांचाच नियम. भारतातही जून २०२१ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने आणि २० जानेवारी २०२२ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जवळपास हीच विभागणी स्वीकारली. अमेरिकेत मात्र दोन वर्षांपुढच्या सर्व मुलांना मास्कची शिफारस होती, तर इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांवर सक्ती नव्हती. तज्ज्ञांची मते इतकी वेगळी पडली, कारण लहान मुलांबद्दलचा पुरावा तुटपुंजा होता आणि प्रत्येक देशाने ती उणीव आपापल्या धास्तीने भरून काढली.

पाच वर्षांची रेषा विषाणूने आखलेली नाही. ती मुलाच्या वाढीवर आधारलेली आहे. त्या वयाच्या आसपास मूल स्वतःच्या हाताने मास्क घालू-काढू लागते. त्याआधी श्वास कोंडला तरी ते नीट सांगू शकत नाही, आणि मास्क चोखणे, ओढणे, मित्राशी अदलाबदल करणे चालूच राहते. जालन्याच्या खेड्यांत या वयाची मुले अंगणवाडीत जातात. तिथे मास्कचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. सेविका आणि मदतनीस यांनी मास्क लावणे आणि मुलांना शक्य तितके अंगणात बसवणे, एवढेच तिथे उपयोगाचे. खरा पेच पहिली ते पाचवीचा आहे, कारण ‘परिस्थिती पाहून ठरवा’ असे ज्यांच्याबद्दल म्हटले गेले, ती सहा ते अकरा वर्षांची मुले म्हणजे जवळजवळ सगळी जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा.

ही परिस्थिती कोणत्या पुराव्यावर पाहायची? मास्कचा सर्वांत मोठा प्रत्यक्ष प्रयोग बांगलादेशातल्या ६०० गावांत, सुमारे ३ लाख ४२ हजार प्रौढांवर झाला. ज्या गावांत सर्जिकल मास्क वाटून त्यांचा प्रचार केला, तिथे लक्षणांसह झालेला संसर्ग सुमारे ११ टक्क्यांनी कमी आढळला. कापडी मास्कचा परिणाम त्याहून क्षीण आणि अनिश्चित होता. तिथली खेडी आणि मराठवाड्यातली खेडी यांत साम्य आहे, म्हणून हा प्रयोग आपल्याला जवळचा. मात्र त्यात मुले नव्हती. स्पेनमधल्या कातालोनियात सहा वर्षांपुढच्या मुलांना शाळेत मास्क सक्तीचा होता आणि बालवाडीतल्या पाच वर्षांच्या मुलांना नव्हता. संशोधकांनी या दोन लगतच्या वर्गांची तुलना केली, तेव्हा मास्क लावणाऱ्या पहिलीच्या मुलांमध्ये संसर्ग कमी असल्याचे दिसले नाही. वय वाढेल तसा संसर्ग वाढत होता, इतकेच. याउलट अमेरिकेतल्या बोस्टन परिसरात २०२२ मध्ये ज्या शाळांनी सक्ती उठवली, तिथे पुढच्या पंधरा आठवड्यांत दर हजार विद्यार्थी व कर्मचाऱ्यांमागे सुमारे ४५ जादा रुग्ण नोंदले गेले. दोन्ही अभ्यास निरीक्षणाचे आहेत. मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून घेतलेले प्रयोग नव्हेत. त्यामुळे एकाच्या आधारे मास्क निरुपयोगी ठरवणे जितके घाईचे, तितकेच दुसऱ्याच्या आधारे तो अनिवार्य मानणे.

मास्कविरुद्ध जे बोलले गेले, त्यातले सगळे खरे नव्हते. मास्कमुळे मुलांच्या श्वासात कार्बन डायऑक्साइड धोकादायक पातळीला जातो, असा दावा करणारा एक जर्मन शोधनिबंध २०२१ मध्ये एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात आला. मोजमापाची पद्धत सदोष ठरल्याने काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. निरोगी शाळकरी मुलाला साध्या मास्कने प्राणवायू कमी पडत नाही. घामाने किंवा लाळेने भिजलेल्या मास्कमधून मात्र श्वास घेणे खरोखरच जड जाते, आणि जालन्यात मार्च-एप्रिलचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा मास्क भिजायला वेळ लागत नाही. खेळाच्या तासाला मास्क नको, हे तर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मार्गदर्शनातही होते.

शिकण्यातली अडचण अधिक गंभीर आहे. पहिलीचे मूल अक्षर ऐकून आणि गुरुजींच्या तोंडाकडे पाहून शिकते. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात. ळ आणि ल यांतला फरक जिभेच्या जागेचा आहे. मास्कआडून हे दिसत नाही आणि आवाजही दबतो. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी तर ओठांची हालचाल हाच आधार असतो. घरी अहिराणी, गोरमाटी, दखनी किंवा हिंदी बोलत वाढलेल्या आणि शाळेत पहिल्यांदाच प्रमाण मराठीला सामोऱ्या जाणाऱ्या मुलाला ही अडचण दुप्पट जाणवते. वाचन-लेखन येणाऱ्या चौथीच्या मुलाचे मास्कने फारसे अडत नाही. पहिली-दुसरीच्या मुलाचे अडते. सहा ते अकरा हा एकच गट धरणाऱ्या नियमातली ही उणीव आहे.

वर्गखोलीकडेही पाहायला हवे. जुलै २०२१ च्या शासकीय सूचनांत एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर आणि वर्गात पंधरा ते वीस मुले अशी कल्पना होती. खेड्यातल्या दोन खोल्यांच्या शाळेत लहान वर्गांची मुले बसकरपट्टीवर शेजारी-शेजारी बसतात, आणि एका खोलीत दोन-दोन इयत्ताही चालतात. दुपारी शालेय पोषण आहाराची खिचडी खाताना सगळ्यांचेच मास्क खाली येतात, तेही सगळे एकत्र बसलेले असताना. सकाळभर मास्क आणि दुपारी व्हरांड्यात खेटून पंगत, असे झाल्यास सकाळच्या शिस्तीचा बराच भाग वाया जातो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत तरंगणारे कण वाऱ्याबरोबर निघून जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांत मराठवाड्यात झाडाखाली वर्ग भरवता येतो, आणि सकाळच्या थंडीखेरीज त्याला अडसर नाही. मुलांच्या तोंडावरच्या कापडाची चर्चा जितकी झाली, त्याच्या निम्मीही खिडक्यांची झाली नाही, ही त्या काळातली मोठी चूक होय.

मोठ्यांनी मास्क लावणे हे मुलांना मास्क लावण्यापेक्षा अधिक फलदायी होते, याबद्दल फारसा वाद नव्हता. मुलांना होणारा आजार बहुतांशी सौम्य होता. धोका त्यांच्यामार्फत घरातल्या वृद्धांपर्यंत पोहोचण्याचा आणि शिक्षकांना होण्याचा होता. म्हणून ५ सप्टेंबर २०२१ च्या शिक्षकदिनाआधी शिक्षकांच्या लसीकरणाची मोहीम घेतली गेली. मुलांमध्ये पंधरा ते अठरा वयाचे लसीकरण ३ जानेवारी २०२२ ला आणि बारा ते चौदाचे १६ मार्च २०२२ ला सुरू झाले. प्राथमिकच्या मुलांना लस मिळालीच नाही. तरीही ती संसर्गापासून दूर होती असे नव्हे. जून-जुलै २०२१ च्या राष्ट्रीय सिरो सर्वेक्षणात देशातल्या सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. या सर्वेक्षणासाठी महाराष्ट्रातले जे सहा जिल्हे निवडले होते, त्यांत जालन्याच्या शेजारचे बीड, परभणी आणि जळगाव होते. प्राथमिक शाळा बंद असतानाच निम्म्याहून अधिक लहान मुलांना विषाणू गाठून गेला होता. ते आकडे जाहीर करताना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक बलराम भार्गव यांनी शाळा उघडायच्याच असतील तर प्राथमिक आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे सुचवले. महाराष्ट्रात क्रम उलटा राहिला.

या उलट्या क्रमाची किंमत मास्कच्या वादापेक्षा कितीतरी मोठी होती. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार देशातल्या ग्रामीण भागात तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. ऑनलाइन शिक्षण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांसोबत शेतात जाणारा, तिथे पोहोचले नाही. जालन्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या जातात. १ डिसेंबरला शाळेची घंटा वाजली तेव्हा त्यांतली किती तरी लेकरे आईबापांसोबत फडावर होती, आणि शाळा उघडल्याचा त्यांना उपयोग नव्हता. तेव्हा मास्कचा विचार शाळा उघडी ठेवण्याचे एक साधन म्हणूनच करायला हवा. मास्क नाही म्हणून मुलाला दारातून परत पाठवणे कोणत्याही आरोग्यशास्त्रात बसत नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की साथीचा जोर गावात वाढत असेल, तर तिसरी ते पाचवीच्या मुलांना वर्गात मास्क लावायला सांगणे योग्य आहे. पहिली-दुसरीला तो ऐच्छिक ठेवावा आणि वाचन-पाठाच्या वेळी, खिडक्या उघड्या असताना, काढू द्यावा. दमा असलेल्या मुलाबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मतिमंदत्व किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांवर सक्ती नकोच. बहिऱ्या मुलाच्या शिक्षकाने पारदर्शक मास्क लावावा किंवा अंतर राखून तोंड उघडे ठेवावे. मास्क मुलाच्या मापाचे, किमान दोन मिळावेत, एक भिजला तर दुसरा वापरता येईल असे. त्यांचा खर्च पालकांवर टाकू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्य सरकारने मास्कच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा साधा तिपदरी मास्क ४ रुपयांच्या घरात आला. चार रुपयेही रोज दोन-तीन मुलांसाठी मोजणे मजुरी करणाऱ्या घराला जड होते. त्याऐवजी बचत गटाच्या महिलांकडून धुता येणारे, तीन थरांचे मास्क शिवून घेऊन शाळा व्यवस्थापन समितीने वाटणे हा अधिक सोपा मार्ग होता. कुठलीही मास्कसक्ती जाहीर करताना ती किती आठवड्यांनी पुन्हा तपासली जाईल हेही आदेशातच लिहिलेले असावे, आणि तालुक्यातल्या रुग्णालयांत दाखल होणाऱ्यांची संख्या उतरली की लहान मुलांचा मास्क सर्वांत आधी उतरावा.