अध्यक्षपद वर्षाचं, स्लॅब पन्नास वर्षांचा

कुठल्याही साइटवर गेलो की मी आधी कॉलमच्या रिंगा बघतो. उभ्या सळयांना आवळून धरते ती ही रिंग. तिची टोकं काटकोनात वळवलेली असली, तर भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळतं, रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फाकतात. तीच टोकं 135 अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात घातली की रिंग सुटत नाही. आयएस 13920 या मानकात हे 1993 पासून लिहिलेलं आहे. फिटरला मात्र काटकोन सोपा पडतो. ‘साहेब, काँक्रीट ओतल्यावर कोण बघतंय?’ असं तो म्हणाला की मी तिथंच बसकण मारतो आणि दोन-चार रिंगा माझ्यासमोर वाकवून घेतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरचं बहुतेक काम असंच झाकलं जातं, म्हणून ते झाकायच्या आधीच बघावं लागतं.

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून बाहेर पडून मी सोलापुरात नवखा इंजिनिअर होतो, तेव्हा 30 सप्टेंबर 1993 ची पहाट उजाडली. गणपती विसर्जन करून लोक नुकतेच झोपले होते. चारला काही मिनिटं कमी असताना किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने हा मध्यम म्हणावा असा. जीव घेतला तो भिंतींनी आणि माळवदांनी.

तिथली दगडी भिंत दोन-अडीच फूट जाड, बघणाऱ्याला भक्कम वाटावी अशी. पण आत दोन सुट्या भिंती असतात: बाहेरचा थर, आतला थर आणि मध्ये दगडगोटे व मातीचा भर. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड नसतो. हादरा बसला की थर सुटतात, मधला भर खाली दबत त्यांना बाहेर रेटतो आणि वरचं जाड मातीचं माळवद झोपलेल्यांवर कोसळतं. ही घरं उन्हाळ्यात गार राहतात, दगड-माती गावातच मिळते, म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ती बांधली. त्यांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. उपायही आवाक्यातला आहे. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर मुठीएवढं आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकं वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. दोन्ही थर एकमेकांना धरतात.

पुढे रोटरी क्लबात मला आमच्या डॉक्टरांनी आणलं. 23 फेब्रुवारी 1905 ला शिकागोत रोटरीची पहिली बैठक झाली, ती गुस्तावस लोअर या खाण अभियंत्याच्या ऑफिसात. पॉल हॅरिस वकील होते, बाकी दोघे कोळशाचे व्यापारी आणि शिंपी. वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एका टेबलाशी बसावीत ही मूळ कल्पना, आणि ती मला अजून मोलाची वाटते. आपल्या व्यवसायातून सेवा करावी, हे रोटरीच्या सेवामार्गांपैकी एक आहे.

1 जुलैला क्लबच्या अध्यक्षपदाची सूत्रं माझ्याकडे आली. वह्यावाटप, वृक्षारोपण, आरोग्य शिबिर ही कामं क्लब वर्षानुवर्षं मनापासून करत आला आहे आणि ती चालूच राहिली. मी एक जोड मागितली: आसपासच्या जिल्हा परिषद शाळांच्या जुन्या खोल्या तपासायच्या. ‘देणगीदाराला दाखवायचं काय?’ हा एका सदस्याचा प्रश्न रास्त होता. मी त्यांनाच सोबत नेलं.

एका वर्गात लाकडी हातोडीने छत ठोकून दाखवलं. धड काँक्रीट खणखणीत वाजतं; एका कोपऱ्यात मात्र बद आवाज आला. वर जाऊन पाहिलं तर पन्हाळीत पाला अडकलेला, पाणी तुंबलेलं, कठड्याच्या फटीत पिंपळ. पाणी सळईपर्यंत पोहोचलं की ती गंजते, गंजून फुगते आणि खालच्या काँक्रीटची खपली सुटते. त्या खपलीखाली दुसरीच्या मुलांचा बाक होता. सदस्य काही बोलले नाहीत. बाक हलवायला त्यांनीच पहिला हात लावला आणि पुढच्या बैठकीत खर्चाचा विषयही त्यांनीच मांडला.

नेतृत्व म्हणून मी फार काही केलं नाही. ज्याला जे येतं ते त्याच्याकडे सोपवलं. परवानग्यांचा पत्रव्यवहार वकिलांनी सांभाळला, हिशेब सीएंनी. सिमेंटच्या व्यापाऱ्याने माल दिला आणि मिश्रणात पाणी जास्त पडू नये म्हणून स्वतः उभाही राहिला. माझा आग्रह एकाच गोष्टीचा होता. आपल्याकडे अध्यक्ष वर्षाने बदलतो, इमारत मात्र साधारण पन्नास वर्षं टिकावी या हिशेबाने आखतात. म्हणून माझ्यानंतरचे दोन अध्यक्ष पहिल्या पाहणीपासून बरोबर होते. प्रत्येक शाळेची वही केली: भेग कुठे, तिरपी की उभी, ओल कुठल्या भिंतीला. भेगेवर तारीख घालून काचेची पट्टी चिकटवायची; पट्टी तडकली तर भेग वाढतेय. मुख्याध्यापकांना हे शिकवलं आणि त्यांनी ते मनावर घेतलं.

मे महिन्यात पन्हाळी साफ करणं आता शाळाच बघतात. क्लबकडे उरल्या आहेत त्या दगडी भिंतींच्या जुन्या खोल्या. त्यांत आरपार सळया घालायचं अंदाजपत्रक मी नव्या अध्यक्षांना दिलं आहे. पाऊस लागला की गवंडी शेतात जातील, म्हणून निधी जूनच्या आत जमायला हवा.